पाच दिवस तिथे केलंत तरी काय?

मालदीवहून आल्यापासून हा प्रश्न मला निदान पंधरा जणांनी विचारलाय. फोटो बघताना आधी "वा, वा" होतं, मग आवाज जरा खाली येतो. "पण काय हो, एवढ्याशा बेटावर पाच दिवस केलंत तरी काय? कंटाळा नाही आला?" खरं तर खर्च किती आला ते विचारायचं असतं. ते विचारवत नाही, म्हणून कंटाळ्याची चौकशी होते. आता तुम्हीही विचारलंत, तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

आला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला आला आणि चांगला सणसणीत आला.

बेट केवढं? रमतगमत चाललं तरी बारा मिनिटांत फेरी पूर्ण. मालदीवची बेटं बाराशेच्या आसपास, त्यातल्या दोनशेहूनही कमी बेटांवर गावं आहेत. रिसॉर्टची बेटं वेगळी. एका बेटावर एकच रिसॉर्ट; गाव नाही, बाजार नाही, "जरा बाहेर चक्कर मारून येते" म्हणायला बाहेरच नाही. या प्रकाराची सुरुवात १९७२ साली राजधानी मालेजवळच्या कुरुंबा नावाच्या पहिल्या रिसॉर्टपासून झाली. कुरुंबा म्हणजे शहाळं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून आम्ही दोघं मार्चमध्ये गेलो. पाच दिवस म्हणते खरी, पण हातात चारच रात्री पडल्या. विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटावर पाण्यावर उतरणारं सी-प्लेन नेतं. ते अंधारात उडत नाही, आणि आमचं विमान मालेच्या वेलाना विमानतळावर टेकलं दुपारी साडेचारला. तेव्हा शेवटचं सी-प्लेन निघून गेलं होतं. बुकिंग करून देणाऱ्या माणसाने हे आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रिसॉर्टची पहिली रात्र भरलेल्या पैशांसकट बुडाली आणि ती आम्ही विमानतळाजवळच्या हुळुमालेतल्या एका छोट्या हॉटेलात काढली. जाणार असाल तर एवढं एकच नीट बघा: विमान दुपारी उशिरात उशिरा किती वाजता पोचलं तर चालेल, ते रिसॉर्टला लिहून विचारा. सामानाचं वजनही बघा, सी-प्लेनवाले प्रत्येक बॅग काट्यावर ठेवतात. दारूची बाटली सोबत नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात आणि परतताना पावती दाखवली की देतात.

सी-प्लेन म्हणजे ट्विन ऑटर, दोन पंख्यांचं, आत पंधरा-सोळा माणसं, आणि आवाज असा की शेजारच्याशी खुणेनेच बोलावं. वैमानिक अनवाणी! माझ्या नवऱ्याने ते पाहिलं आणि पट्टा आणखी एक वीत आवळला. खाली मात्र जे दिसतं ते सांगण्यासारखं आहे. गडद निळ्या पाण्यावर फिकट हिरवी कंकणं, एकात एक, अर्धवट पुसलेली. प्रवाळाच्या या कड्यांनाच ॲटॉल म्हणतात. जगभर चालणारा हा शब्द मूळचा मालदीवचाच, तिथल्या दिवेही भाषेतला 'अतोळु'. त्या भाषेला ळ आहे हे कळल्यावर मला उगाचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. पुढे नाश्त्याला 'मस हुनी' आलं, म्हणजे ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची असं कालवलेलं, सोबत 'रोशी'. मस म्हणजे मासा आणि रोशी म्हणजे काय ते तुम्ही ओळखलंच. दिवेही ही सिंहलीची सख्खी बहीण, म्हणजे आपल्याच कुळातली.

पहिला दिवस फोटोंत गेला, त्याबद्दल काही सांगत नाही. तुम्ही ते फोटो बघितलेच आहेत.

एक खुलासा मात्र करते. फोटोत दिसणाऱ्या पाण्यावरच्या खोल्या आमच्या नव्हत्या, आम्ही वाळूवरची घेतली होती. पाण्यावरच्या खोलीला लोक मालदीवची ओळख समजतात, पण ती कल्पना तिकडची नव्हे. १९६७ मध्ये प्रशांत महासागरात, ताहितीच्या बाजूला, रायातेआ बेटावर तीन अमेरिकनांनी पहिल्यांदा तशा खोल्या बांधल्या, कारण तिथे धड किनारा नव्हता. जिथे दारात किनारा आहे तिथे पाण्यावर जाऊन का राहायचं, हे मला अजून कळलेलं नाही. अर्थात परवडत नसलं की माणसाला असे विचार लवकर पटतात.

तर दुसरा दिवस. पोहून झालं, खाऊन झालं, झोपून झालं, आणि घड्याळात तीन. तेही खरे दोनच, कारण आमच्या रिसॉर्टने स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवलं होतं, संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. फोन एक वेळ सांगतो, भिंत दुसरी. नवऱ्याने कार्यक्रमांचा कागद काढून एकेका ओळीवर बोट ठेवायला सुरुवात केली आणि कयाकसाठी, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीसाठी, नाव नोंदवून आला. मी पुस्तक उघडलं, चार पानं वाचली, मिटलं. फोन बघितला. मग उठून बेटाला फेरी मारली. बारा मिनिटं. पुन्हा मारली, उलट्या बाजूने. तीही बाराच मिनिटं.

रात्री लवकर झोपल्यामुळे तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जाग आली. बाहेर खर्र, खर्र असा आवाज येत होता. पडदा सरकवला तर एक माणूस दाताळ्याने किनारा विंचरत होता. विंचरत होता हेच बरोबर आहे. पाण्याच्या रेषेपासून झाडांपर्यंत सरळ ओढ, मग एक पाऊल मागे, शेजारून पुन्हा ओढ. रात्री पडलेली पानं, प्रवाळाचे अणकुचीदार तुकडे, काल संध्याकाळची आमची पावलं, सगळं त्या दाताळ्याखाली जात होतं. मधेच तो वाकला, शंख पाठीवर घेऊन निघालेला एक खेकडा चिमटीत उचलून झाडीकडे ठेवला आणि पुढची ओढ घेतली. वाळूच्याच रंगाचे दुसरे खेकडे असतात, त्यांची बिळं मात्र तो बुजवून टाकायचा. तो दहा पावलं पुढे जाईतो मागे भोकं पडलेली आणि भोवती ताज्या वाळूच्या गोळ्या.

मी पायरीवर बसले आणि बघत राहिले. चहासुद्धा केला नाही, आणि मी चहाशिवाय काय असते ते तुम्हाला माहीत आहे.

तो बांगलादेशी होता, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. मी त्याला भाई म्हणे, तो मला मॅडम. चार वर्षं तिथे होता. रोज पाचला सुरुवात, पाहुणे उठायच्या आत बेटाची पूर्ण फेरी व्हायला हवी. मी म्हटलं, आमच्यासमोर वाळू केवढी रुंद आहे, आणि पलीकडे, उगवतीच्या बाजूला तर पोती दिसतात रचलेली. तो हसला. "अभी बालू इधर है, मॅडम. मई के बाद हवा घूमता है, सब बालू उधर जाता है. तब ये सीढ़ी तक पानी."

मला आधी वाटलं की गंमत करतोय. पण ते तसंच आहे. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा कोरडा मोसम असतो, त्याला तिथे इरुवाय म्हणतात. मेपासून नैर्ऋत्येचा पावसाळी मोसम, हुळंगु. वारा फिरला की लाटा फिरतात आणि बेटाच्या कडेची वाळू एका अंगावरून दुसऱ्या अंगाला जाते. बेट झोपेत कूस बदलावी तसं बदलत असतं. बांधकाम मात्र कूस बदलत नाही, म्हणून मग पोती लावा, पंपाने वाळू उपसून आणा, हे सुरू. या देशात डोंगर नाही. समुद्रापासून सरासरी उंची साधारण दीड मीटर, म्हणजे मी उभी राहिले तर देशाहून थोडी उंच.

त्या सकाळपासून मला उद्योग मिळाला. मी वाळू बघत होते. लोकांना हे उत्तर दिलं की ते विषय बदलतात, पण खरंच तेच केलं.

दुपारी मास्क लावून पाण्यात तोंड घातलं तर ऐकू आलं: कुरुम, कुरुम. कुणी शेजारी बसून कुरमुरे खावेत तसं. पॅरटफिश होता, हातभर लांब, हिरवानिळा, तोंडाला पोपटासारखी चोच. तो प्रवाळाचा खडक खरवडत होता. त्याला हवं असतं त्यावरचं शेवाळ आणि आत दडलेलं बारीकसारीक काही, पण सोबत खडकही पोटात जातो. घशात दात असतात, त्यांनी तो दळतो, आणि नको असलेलं मागून टाकून देतो. मी बघत असतानाच त्याच्या शेपटीजवळून पांढरा धूर सुटला आणि सावकाश खाली बसला. वाळू! मालदीवच्याच वक्कारू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी मोजदाद केली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. प्रवाळावर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू या माशांची निघाली.

ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर नवी जोडपी लोळून फोटो काढतात ती काय आहे, हे मी जेवताना शेजारच्या टेबलावर सांगणार होते. नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला.

माशाचं पीठ चालू आहे, पण दळणाचं काय? खाली बराचसा प्रवाळ करडा, मेलेला होता. १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा मालदीवचा प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडून मेला, २०१६ मध्ये पुन्हा तसंच. आमच्या रिसॉर्टने उथळ पाण्यात सळ्यांचे सांगाडे ठेवले होते आणि त्यांना प्रवाळाच्या बोटभर फांद्या बांधल्या होत्या. काही सांगाडे गच्च भरलेले, काहींवर नुसत्या बांधलेल्या पट्ट्या उरलेल्या. पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या मात्र सगळ्यांवर शाबूत.

एकदा बघायची सवय लागली की बाकीचंही दिसायला लागतं. केवड्याच्या दाट झाडीमागे एक वाट जाते, तिथे पाहुणे जात नाहीत. मी चुकून गेले असं सांगायचं ठरलं होतं. तिथे जनरेटरची घरघर, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, काचेच्या बाटल्यांचे क्रेट, वाळत घातलेले गणवेश. टोमॅटोपासून डिझेलपर्यंत सगळं बोटीने येतं. पिण्याचं पाणी मालेतही असंच यंत्राने गोडं केलेलं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली तेव्हा राजधानीचे नळ कोरडे पडले आणि भारताने विमानांनी, नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं.

खर्चाचं विचारलं नाहीत, तरी एवढं सांगते: खोलीच्या आकड्यावर जीएसटी, सेवाशुल्क आणि माणशी रोजचा बारा डॉलर हरित कर चढतो. आधी धरून ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवशी काउंटरवर उभं राहून बोटं मोजावी लागत नाहीत. आम्ही मोजली.

चौथ्या संध्याकाळी नवराही येऊन पायरीवर बसला. कयाकने खांदा धरला होता. गुडघाभर पाण्यात शार्कची दोन पिल्लं फिरत होती, परांच्या टोकाला काजळ लावल्यासारखी. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि हा माणूस सिनेमातसुद्धा बोलतो. मग म्हणाला, "किती वाजले?" मी भिंतीवरची वेळ सांगितली. "खरी सांग." मी म्हटलं, राहू दे.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, पुन्हा जाल का? जाईन, पण जुलैत. तेव्हा पाऊस असतो, दरही बरेच उतरतात, पण ते निमित्त झालं. आमच्या पायरीपर्यंत खरंच पाणी येतं का आणि ती सगळी वाळू पलीकडे कशी दिसते, ते मला बघायचंय. नवऱ्याला अजून बोलले नाहीये. खांदा बरा होऊ दे आधी.