तात्यांची तंबाखू आणि उजवीकडं ओढणारी बोट

माझं गॅरेज साताऱ्यात, पोवई नाक्यापासून जवळच. काम मोटारसायकलींचं. पण त्याआधी सहा वर्षं रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात बोटींच्या इंजिनांवर हात काळे केलेत, त्यामुळं वर्षातून दोन-चारदा कोयनेच्या बॅकवॉटरवरून फोन येतो. जानेवारीत बामणोलीहून आला.

"मिस्त्री, बोट उजवीकडं वडतीया. लय वडतीया. खांद्याला तेल चोळून चोळून बायको दमली."

बोलणाऱ्यांना आपण तात्या म्हणू. बामणोलीच्या धक्क्यावर 'तात्या' अशी हाक मारली तर चारजण वळतील, त्यामुळं ओळखू येण्याची भीती नाही.

मंगळवार धरून गेलो, कारण शनिवार-रविवारी वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांच्या गर्दीत बोट कोण मोकळी देणार? कास ओलांडून घाट उतरलो की खाली शिवसागर दिसतो. दरवेळी मी गाडी थांबवून एक मिनिट बघतोच. कोयना धरणाचं हे पाणी, साठा १०५ टीएमसीच्या वर, आणि त्याच्या तळाशी या लोकांची जुनी गावं. तात्यांच्या वडिलांचं घरही तिथंच कुठंतरी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिंतींचे दगड आणि झाडांची खोडं वर येतात. म्हणून माझ्या मनात पहिला संशय तोच : कुठंतरी आपटलंय.

बोट फायबरची, मागं चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर मागं टांगलेलं इंजिन, हँडलवालं. तात्या उजव्या बाजूला बसून डाव्या हातानं हँडल धरतात. इंजिनाचं शेपूट, म्हणजे पाण्यातला पंख्याकडचा भाग, उजवीकडं पळतं, म्हणजे हँडल डावीकडं पळतं, आणि तात्या ते वासोट्यापर्यंत सव्वा तास स्वतःकडं ओढून धरतात. येताना पुन्हा तेच.

"आणि तंबाखू?" मी गमतीनं विचारलं, कारण त्यांच्या गालात ती होतीच.

"दोन म्हैनं झालं, पाशिंजराकडनं मळून घेतोय," तात्या गंभीरपणे म्हणाले. "पुण्याच्या पोरांना चुना किती घ्यायचा त्ये बी कळत न्हाई."

आधी रिकामी बोट घेऊन आत गेलो. हँडल सैल धरून एकदा वासोट्याच्या दिशेनं, एकदा परत. दोन्ही वेळा उजवीकडंच. म्हणजे वाऱ्याचा दोष नाही, वाऱ्यानं परतताना बाजू बदलली असती. पेट्रोलची टाकी मधोमध होती, तळात पाणी साचलेलं नव्हतं, बोट कलत नव्हती. कलणं आणि ओढणं यांत लोक फार घोळ घालतात. सगळे पर्यटक फोटोसाठी एका बाजूला आले की बोट कलते. तिथं मिस्त्री नको, एक आवाज पुरतो.

काठाला लावून इंजिन वर उचललं. पंख्याखालचं उभं पातं टोकाला खरवडलेलं होतं, दगडाचाच प्रसाद. पण फूटपट्टी लावली तर सरळ. ते वाकलं असतं तर बोट नक्की ओढली असती. प्लगच्या टोप्या काढल्या, इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि एक काडी जागच्या जागी धरून पंखा हातानं फिरवला. तिन्ही पाती काडीपासून सारख्याच अंतरानं गेली. इंजिन बोटीच्या मध्यावर होतं, तिरकेपणाची पिनही योग्य भोकात. माझा आपटल्याचा सिद्धांत इथं संपला.

मग पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीखाली नजर गेली. तिथं तळहातापेक्षा लहान एक उभी फिन असते, ट्रिम टॅब. सगळ्या इंजिनावर चार वर्षांचा चिखल आणि शेवाळ, आणि त्या टॅबचा बोल्ट मात्र नवऱ्या मुलासारखा चकचकीत.

"तात्या, इंजिन कुणी उघडलं होतं?"

"कोण न्हाई. म्हंजे दिवाळीला पाण्याची धार मारायची बंद झालती, तवा इम्पेलर बदलून आणला. पर त्ये पाण्याचं काम, हँडलाचं न्हवं."

हेच तर. इम्पेलर म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी पंपातली चकती. ती बदलायला खालचा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याचा एक बोल्ट या टॅबच्या आड लपलेला असतो. टॅब काढल्याशिवाय गिअरबॉक्स निघत नाही. काढण्याआधी तिच्या कोनावर खूण करायची असते. ज्यानं काम केलं त्यानं केली नाही, आणि परत लावताना सरळ दिसेल अशी नीटनेटकी बसवली. सरळ दिसणं हाच घोटाळा. पंखा एकाच दिशेनं फिरतो, आणि पाण्यात जरा तिरका असला की पात्यांचा जोर दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. त्यामुळं इंजिन एका अंगाला वळू पाहतं. ती ओढ मोडायलाच टॅब मुद्दाम वाकडी लावलेली असते.

बोल्ट ढिला केला, टॅब फिरवली, आवळला, पाण्यात गेलो. आधीपेक्षा वाईट! तात्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मिरकरवाड्याची सहा वर्षं पाण्यात गेली.

घाईत मी उलटी फिरवली होती. बोट उजवीकडं ओढते तर टॅबचं शेपूट डावीकडं करावं, असं डोकं सांगतं. करायचं असतं उजवीकडंच. मग मागं जाणारं पाणी तिच्यावर आदळून इंजिनाचं शेपूट डावीकडं ढकलतं आणि ओढ फिटते. हे मला पाठ आहे, तरी चुकलो. तात्यांना एवढंच म्हणालो, "खात्री करून घेतली."

पुन्हा काठ, पुन्हा पाना. उजवीकडं अगदी थोडी. फरक पडला. आणखी थोडी. रिकामी बोट सरळ धावायला लागली. मी हत्यारं गोळा करत होतो, तेवढ्यात तात्या म्हणाले, "रिकामी कवा जाती ही?"

बरोबर होतं. टॅब एका वेगाला आणि एका वजनाला जुळते. हळू चालताना तिचा जोर जाणवतच नाही, आणि माणसं भरली की बोट वेगळी बसते. तात्यांनी धक्क्यावरून हाका मारल्या. रिकामटेकडे आठजण आले, लाइफ जॅकेट घालून बसले आणि फुकटची फेरी म्हणून खूश झाले. भरल्या बोटीला थोडी ओढ उरली होती. एक केसभर आणखी फिरवली. बोल्ट आवळला आणि या वेळी टॅबपासून वरच्या पट्टीपर्यंत खिळ्यानं एक रेघ ओढून ठेवली. कोकणात ही टॅब पुष्कळदा जस्ताची असते, खारं पाणी तिलाच आधी खातं, म्हणून तिथं तिला रंग फासत नाहीत. ती सवय अजून सुटलेली नाही, म्हणून खूणही रंगाची नाही, खिळ्याची.

शेवटची फेरी लांबची मारली. मधल्या मोकळ्या पाण्यात आल्यावर तात्यांनी हँडलवरचा हात सोडला. मी ओरडणार होतो, पण इंजिन बंद करायची लाल दोरी त्यांच्या मनगटाला होती, म्हणून गप्प बसलो. त्यांनी खिशातून पुडी काढली, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला आणि समोर बघत सावकाश मळायला लागले. बोट सरळ चालली होती.

दोन थापा मारून त्यांनी तळवा माझ्यापुढं धरला. मी खात नाही. त्या दिवशी चिमूटभर घेतली.