लाइट आली आणि नेट गेलं

राजारामपुरीतल्या त्या अभ्यासिकेत तीन मजल्यांवर नऊ अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारे डबे, मीच बसवले होते. चॅनेल, म्हणजे कुठल्या लहरीवर बोलायचं ते, ‘ऑटो’वर ठेवलं होतं, डब्याने स्वतःच निवडायचं. महिनाभर सगळं झकास चाललं, मग फोन सुरू झाले. सराव परीक्षा देताना पोरांचं पान मधेच अडकायचं. एका मुलीचा पेपर शेवटच्या दहा मिनिटांत गेला होता, ते ऐकून फार लागलं मनाला. दोनदा सकाळी जाऊन आलो, रिकाम्या हॉलमध्ये स्पीड टेस्ट उत्तम यायची.

तिसऱ्या खेपेला टेबलावरचा मुलगा म्हणाला, “दादा, सोमवारी लाइट जाऊन आली न्हवं, तेव्हापासनं हे सुरू झालंय बघा.”

जेवणाच्या सुट्टीत नऊही पॉइंटना वीज देणाऱ्या स्विचचा प्लग काढून परत लावला आणि मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर उघडून बसलो, त्यात प्रत्येक पॉइंटची कमान त्याच्या चॅनेलवर दिसते. एकेक कमान वर येत गेली. नऊच्या नऊ चॅनेल 6 वर, एकावर एक.

बसवताना मी एकेक पॉइंट चालू केला होता, म्हणून प्रत्येकाने आधीच्यांचा कानोसा घेऊन वेगळा चॅनेल धरला. लाइट आल्यावर मात्र सगळे एकदम जागे झाले. ऐकताना बोलणारं कुणीच नव्हतं, फक्त शेजारच्या दुकानांचे राउटर 1 आणि 11 वर. मग सगळ्यांनाच 6 मोकळा वाटला. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. शंभर पोरं आली की रांग लागणारच. एकमेकांशी बोलून चॅनेल वाटून घेणारी कंट्रोलरवाली यंत्रणा असती तर ऑटो चाललं असतं. हे नऊ सुटे होते.

मालक काका म्हणाले, “मधला 4 नंबर रिकामा दिसतोय की, तो घ्या.” तो 1 आणि 6 दोघांवर पाय देतो, हे त्यांना कागदावर काढून दाखवलं.

2.4 गिगाहर्ट्‌झ हा 1, 6, 11 वाला पट्टा तीन ठिकाणी बंद केला. उरलेल्या सहांना 1, 6, 11 तिरके वाटून दिले. 5 गिगाहर्ट्‌झ या दुसऱ्या पट्ट्यात चॅनेलची रुंदी 80 वरून 20 मेगाहर्ट्‌झवर आणली, तेव्हा 36, 40, 44, 48, 149, 153, 157, 161, 165 असे बरोबर नऊ मिळाले. 52 ते 144 मुद्दाम टाळले. ते चॅनेल रडारही वापरतात, म्हणून तिथे रडार आहे का हे आधी किमान एक मिनिट ऐकावं लागतं, आणि सापडलं तर चालू पेपरात चॅनेल सोडावा लागतो.

चारच्या पेपराआधी पुन्हा प्लग काढून लावला. कमानी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. कुठल्या पॉइंटला कुठला चॅनेल, तो कागद स्विचच्या पेटीत आतून चिकटवला आणि पेपर संपेपर्यंत तिथेच बसलो.