नाताळच्या सुट्टीतलं संमेलन आणि त्याची जागा

इंदूरच्या मराठी मंडळांची स्नेहसंमेलनं डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात येतात ती काही उगीच नाही. पुण्या-मुंबईला, बंगळूरला नोकरीला गेलेली मुलं नाताळच्या सुट्टीत घरी येतात. पुष्कळ शाळा बंद असतात. लोकमान्यनगरातली आजी आणि सुदामानगरातला नातू एका संध्याकाळी एका ठिकाणी सापडायचे ते याच आठवड्यात. पूर्वी त्यासाठी शाळेचं पटांगण पुरायचं. बाकं जोडून रंगमंच, एक वर्ग ग्रीनरूम, दुसऱ्यात पेटी-तबला, आणि व्हरांड्यात पंगत. नाटुकलं संपलं की पडदा ओढणारी मुलंच पाणी वाढायला धावायची. तेल लावलेल्या भांगाचा आणि मसालेभाताचा मिळून जो वास येई, तो आलिशान हॉटेलातही पुन्हा मिळालेला नाही.

त्या पटांगणाचं मोठेपण एवढंच होतं की कार्यक्रम आणि जेवण एकाच जागी व्हायचं. आज जागा शोधताना लोक आधी रंगमंच बघतात, पडदे बघतात. आमचा आग्रह आहे की आधी पंगत बघावी. रवींद्र नाट्यगृह, साउथ तुकोगंजातलं जाल सभागृह, खंडवा रोडवरचं विद्यापीठाचं सभागृह, यांत नाटक फार सुंदर होतं. पण मोठ्या सभागृहांत आत खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत, आणि बाहेर शंभर जणांना बसवायची सोय असेलच असं नाही. मग हातात डबे येतात, लोक ते पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून खातात आणि नऊच्या आत पांगतात. वर्षभराच्या गप्पा राहून जातात. नाटकच मुख्य असेल तर सभागृह घ्यावं. माणसं भेटावीत अशी इच्छा असेल तर अंगण असलेली जागा घ्यावी, मग रंगमंच थोडा साधा असला तरी चालेल.

पंगतीचं गणित सोपं आहे. माणशी दोन फूट रुंदी धरली की पंचवीस जणांची एक ओळ पन्नास फुटांची होते. समोरासमोर दोन ओळी आणि मध्ये वाढप्यांसाठी चार फूट, असं धरलं की एका जोडीला बारा फूट खोल जागा लागते. अशा दोन जोड्यांत शंभर पानं बसतात. म्हणजे साधारण 55 × 28 फुटांची, मध्ये खांब नसलेली जागा हवी. दोनशे जण असतील तर दोन पंगती, आणि पहिली उठून दुसरी बसेपर्यंत पाऊण तास. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी तीस-चाळीस खुर्च्या-टेबलं बाजूला नव्हे, त्याच ओळींना लागून मांडावीत. कोपऱ्यात वेगळं बसवलं की आजोबा मुकाट जेवून उठतात. जागा बघायला जाताना टेप घेऊन जावी. मालक तोंडाने सांगतो ती क्षमता बहुधा उभ्याने जेवणाऱ्यांची असते.

आता मॅरेज गार्डनविषयी, म्हणजे लग्नांसाठी भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या आवारांविषयी, कारण इंदुरात खरी सोय तिथे आहे. साधारण 16 डिसेंबर ते 14 जानेवारी सूर्य धनु राशीत असतो. इकडे त्याला मलमास किंवा खरमास म्हणतात, आणि माळव्यात त्या दिवसांत लग्नं लागत नाहीत. एरवी हाताला न लागणारी गार्डनं रिकामी असतात आणि भाड्यावर बोलता येतं. अपवाद फक्त 31 डिसेंबरचा. मात्र रिकामं गार्डन जसंच्या तसं चालू स्थितीत असेल असं समजू नये. हाच महिना ते रंगरंगोटीला काढतात, माणसं गावी जातात, जनरेटर महिनाभर बंद पडून असतो. आठवडाआधी संध्याकाळी जाऊन जनरेटर अर्धा तास चालवून घ्यावा, वरची टाकी भरलेली आहे का आणि बायकांच्या स्वच्छतागृहात दिवा-पाणी आहे का हे स्वतः पाहावं. पन्नास बायकांमागे एक तरी स्वच्छतागृह हवं. मुलांच्या नाचांचे कपडे तिथेच बदलले जातात, त्यामुळे त्याशिवाय एक बंद खोली मागून घ्यावी.

थंडी हा डिसेंबरच्या संमेलनाचा सोबती. रात्री आठच्या पुढे दव पडायला लागतं, खुर्च्या ओल्या होतात, भजी पाच मिनिटांत गार होतात. म्हणून वर कापडी छत हवंच, आणि उत्तरेच्या बाजूला कनात. वारा तिकडूनच येतो. बंद हॉलमध्ये कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये, तिच्या धुराला वास नसला तरी तो जिवावर बेततो. उघड्यावर ठेवावी, मुलांच्या वाटेपासून दूर. सगळ्यांत चांगला उपाय वेळेचा: मुलांचे कार्यक्रम साडेचारला सुरू, मोठ्यांचं नाटुकलं सहाला, पहिली पंगत साडेसातला. उघड्या जागी रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, हेही त्यात सांभाळलं जातं.

आवाजाची तक्रार दरवर्षी होते आणि दोष बहुधा माइकचा नसतो. पत्र्याच्या डोमखाली आवाज घुमतो. रंगमंचाच्या दोन टोकांना मोठे स्पीकर लावून आवाज वाढवला की शब्द आणखीच विरघळतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी मागेपर्यंत लहान स्पीकर, आवाज कमी. आणि साउंडची लाइन स्वयंपाकघराच्या मिक्सर-ग्राइंडरपासून वेगळ्या फेजवर घ्यावी. नाहीतर नांदी सुरू होताच स्पीकर गुणगुणायला लागतो.

जेवणात दोनशे माणसांना तांदूळ 14 किलो, पुऱ्यांची कणीक 28 किलो, बटाटे 22 किलो पुरतात. श्रीखंड थंडीत कमी उठतं, माणशी शंभर ग्रॅम धरावं आणि सोबत गाजर हलवा ठेवावा. पण इंदूरची खरी हिवाळी खूण म्हणजे गराडू, तळून खायचा एक कंद. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून हाताला आधी तेल लावावं. तुकडे एकदा मंद आचेवर तळून काढावेत आणि वाढायच्या वेळी पुन्हा कडक तेलात सोडावेत. वर जिरावण हा इंदुरी मसाला आणि लिंबू. गार झाला की गराडू चिवट होतो, त्यामुळे कढई पंगतीजवळच हवी. म्हणजे जागा ठरवतानाच भट्टीला परवानगी आहे का, हा प्रश्न आला. पुष्कळ बँक्वेट हॉल बाहेरची भट्टी लावू देत नाहीत.

काही मंडळं संध्याकाळऐवजी धुंधुरमासाचं पहाटेचं जेवण ठेवतात: मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. त्याला रंगमंच लागत नाही, पूर्वेला उघडी गच्ची पुरते. शहरातली अत्यंत देखणी सकाळ तीच, असं आमचं मत आहे.

हल्ली मंडळातली तरुण मुलं आपल्या कंपनीच्या नाताळ पार्टीसाठीही जागा विचारतात. तिथे निकष वेगळे. लोक विजयनगर, सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसांतून थेट येणार, म्हणून हॉटेलाचा हॉल ठीक. पण 24, 25 आणि 31 तारखेला हॉटेलांचे स्वतःचे कार्यक्रम असतात आणि त्यांचं स्वयंपाकघर दोन्हीकडे पुरं पडत नाही. 18 ते 22 मधला दिवस घ्यावा. किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, दर जीएसटी धरून की सोडून, आणि हॉल किती वाजेपर्यंत, हे तिन्ही लेखी घ्यावं. ताटांचा किमान आकडा अपेक्षेच्या ऐंशी टक्क्यांवरच थांबवावा. सुट्टीच्या तोंडावर पाचातला एक जण तरी गावी गेलेला असतो.

गार्डनशी करार करताना डिझेल भाड्यात आहे की वेगळं, ओला आणि सुका कचरा वेगळा करून नगर निगमच्या गाडीत कोण देणार, आणि अनामत कुठल्या तुटफुटीसाठी कापली जाईल, हे लिहून घ्यावं. जागा ताब्यात घेताना खुर्च्या मोजाव्यात, परत देताना पुन्हा मोजाव्यात, दोन्ही वेळा चौकीदारासमोर. आणि अनामत घ्यायला जो जाईल त्याने तिथेच पुढच्या डिसेंबरची तारीख विचारून यावं.