प्रौढ वयातला माझा बाप्तिस्मा

बाप्तिस्मा म्हटलं की मराठी माणसाला रेव्हरंड टिळक आठवतात. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरादारात आकांत झाला. माझ्या मामानंही पहिलं नाव टिळकांचंच काढलं. पण टिळक प्रॉटेस्टंट झाले होते. प्रौढ माणसाला कॅथलिक व्हायचं असेल तर काय काय होतं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. लोकांना वाटतं, चर्चमध्ये गेलं, डोक्यावर पाणी ओतलं, नाव बदललं, झालं. मी पहिल्यांदा फादरांना भेटले तेव्हा ते म्हणाले, "या, बसा. घाई काय आहे?" आणि मग वर्षाहून जास्त काळ त्यांनी मला घाई करू दिली नाही.

मी साताऱ्याकडची. घर वारकरी, आईच्या गळ्यात तुळशीची माळ. लग्नानंतर वसईला आले. शेजारी ख्रिस्ती मावशींची केळीची वाडी. त्यांच्याबरोबर एकदा झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिस्साला (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला) गेले, ते केवळ शेजारधर्म म्हणून. त्या दिवशी येशूच्या दुःखसहनाचं मोठं वाचन असतं आणि सगळं मराठीतून. गेथशेमानेच्या बागेत येशू घाबरलेला आहे, जमिनीवर पालथा पडून म्हणतो आहे की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. देव घाबरतो, हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. वडील गेल्यानंतरचे दिवस होते ते. आयसीयूत त्यांच्या डोळ्यांत मी जी भीती पाहिली होती, तीच मला त्या वाचनात सापडली. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. मग जातच राहिले.

फादरांनी मला हातानं एक पत्र लिहायला सांगितलं. बाप्तिस्मा का हवा आहे, कुणी दबाव आणला आहे का, कसलं आमिष आहे का, सगळं माझ्या शब्दांत. प्रौढाचा बाप्तिस्मा एकटे फादर ठरवत नाहीत, बिशपांना कळवावं लागतं. पैसे मात्र कुठेच लागले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या नातेवाइकांना नेमकी उलटी शंका होती, मला किती मिळाले अशी.

मग त्यांनी नवऱ्याला बोलावलं. तो येणार नाही असं मला वाटलं होतं, पण आला. ऑफिसात पंखा गरगरत होता, टेबलावर जुन्या नोंदवह्यांची चळत. फादरांनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि कुठलीही गोष्ट झाकून न ठेवता सांगितली. आमचं लग्न गावी वैदिक पद्धतीनं झालेलं. बाप्तिस्मा न झालेल्या दोन माणसांचं लग्नही चर्च खरं लग्नच मानतं, पुन्हा लग्न लावायची गरज नाही. पण देशाच्या कायद्यात काय आहे तेही माहीत असू दे, ते म्हणाले. हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदारानं धर्म बदलला तर दुसऱ्याला त्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. वारसाहक्काच्या १९५६ च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा हक्क जात नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, ती मुलं स्वतः हिंदू असतील तरच मिळतो. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मुलीचं काय?" फादर म्हणाले, "मुलीचं तुम्ही दोघांनी ठरवायचं. आज तो विषयच नाही." घरी येताना रिक्षात नवरा म्हणाला, "हा माणूस खरं बोलतो. तू जा." माझ्यासाठी तो दिवस कुठल्याही विधीइतकाच मोठा होता.

कागदपत्रांबद्दल एवढंच: जन्मदाखला, लग्नाचा दाखला, स्वेच्छेनं घेत असल्याचं प्रतिज्ञापत्र. नाव बदलावं लागत नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलेलं कुठलंही नाव चालतं. मी आई-वडिलांनी ठेवलेलं नावच ठेवलं. तरी आजही लोक विचारतात, "आता नाव काय तुझं?"

आमचा वर्ग रविवारी मिस्सानंतर भरायचा. एक वयस्कर सिस्टर शिकवायच्या. आम्ही मोजकेच जण. त्यांत नगरकडचा एक तरुण होता, घराणं पिढ्यान्‌पिढ्या प्रॉटेस्टंट. त्याचा बाप्तिस्मा लहानपणीच पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावानं झालेला, म्हणून तो पुन्हा करणार नव्हते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. त्यानं कॅथलिक श्रद्धेचा अंगीकार करायचा, मग दृढीकरण (पवित्र तेल लावून श्रद्धा पक्की करायचा विधी) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर). दुसऱ्या एका मुलापुढचा पेच मोठा होता. तो अनुसूचित जातीतला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. शीख आणि बौद्धांना तो पुढे मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही. माणसाचा देव बदलला म्हणून गावानं त्याच्या वाट्याला दिलेलं जगणं बदलतं का? मला हा अन्याय वाटतो आणि तो मी तेव्हाही बोलून दाखवला. सिस्टरनी त्या मुलाला एका शब्दानंही पुढे ढकललं नाही. तो अजून वर्गाला येतो, अजून विचार करतो आहे.

ही सगळी पद्धत फार जुनी आहे. पहिल्या शतकांत चर्च दीक्षार्थींना असंच दीर्घकाळ तयार करत असे. मग ते मागे पडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६३ मध्ये ते पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा विधी नव्यानं आला. त्यात टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला सर्वांदेखत विचारलं जातं.

पहिला टप्पा चर्चच्या दाराशी. आत बोलावण्याआधी फादरांनी विचारलं, "चर्चकडे काय मागतेस?" मी म्हणाले, "श्रद्धा." "श्रद्धा तुला काय देते?" "सार्वकालिक जीवन." उत्तरं पाठ केलेली होती, तरी आवाज कापत होता. मग धर्ममातेनं माझ्यावर क्रूसाची खूण करायची असते. माझ्या धर्ममाता त्याच शेजारच्या मावशी. (धर्ममाता होण्यासाठी किमान सोळा वर्षांचं, दृढीकरण झालेलं कॅथलिक असावं लागतं.) त्यांनी अंगठ्यानं माझ्या कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर एकेक क्रूस काढला. वाडीत राबून खरखरीत झालेला अंगठा. डोळ्यांवर आला तेव्हा पापण्यांना तो खरखरीतपणा जाणवला आणि माझं रडू मला आवरेना. त्या दिवशी फादर म्हणाले, "आजपासून तू चर्चची. बाप्तिस्म्याआधी मरण आलं तरी चर्च तुला आपली म्हणून मूठमाती देईल." हे बोलणं कुणाला अभद्र वाटेल. मला त्यानं आधार दिला.

त्यानंतरचा काळ सगळ्यांत अवघड. दर रविवारी मिस्सा ऐकायची, पण ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांग पुढे जायची आणि मी बाकावर. लहान मुलं माझ्या गुडघ्यांना घासून पुढे जायची. मावशी परत येऊन शेजारी गुडघे टेकायच्या आणि मी त्यांच्याकडे बघत राहायचे. महिने गेले तशी ती भूक वाढत गेली. आता मला कळतं की त्या वर्षात मी सगळ्यांत जास्त शिकले ते त्या बाकावर, वर्गात नाही. चर्चनं मला पहिल्याच महिन्यात पाणी ओतून मोकळं केलं असतं, तर मी काय घेते आहे ते मला समजलंच नसतं.

याच काळात आईला सांगितलं. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, गावी गेले. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "म्हणजे पांडुरंग सोडलास." मी म्हणाले, "आई, देवाला हाक मारायला मी तुझ्याकडूनच शिकले. ते सोडून कुठं जाणार?" हे मी तिचं समाधान करायला बोलले नाही. फादरांनी मला सांगितलं होतं की घरच्यांच्या भक्तीला कमी लेखायचं नाही, अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, हे परिषदेनं १९६५ सालीच लिहून ठेवलं आहे. आई बराच वेळ गप्प. मग तिनं विचारलं, "एवढे दिवस का लावतायत ते लोक?" मी सगळे टप्पे सांगितले, दर वेळी कसं विचारतात तेही. ती म्हणाली, "माळ घालताना आम्हालाही महाराजांनी विचारलं होतं. एकादशी धरशील का, वारी करशील का, मांसमच्छी सोडशील का. पाळायचं नसेल तर घालू नको म्हणाले." एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिनं होकार दिला नाही. पण मी काहीतरी हलक्यात करते आहे हा तिचा समज गेला, हे मला दिसलं.

उपवासकाळ आला, ईस्टरच्या आधीचे तयारीचे आठवडे. पहिल्या रविवारी पापडीच्या कॅथेड्रलमध्ये, कृपामातेच्या मंदिरात, बिशपांसमोर आमची नावं पुकारली. धर्ममाता-धर्मपित्यांना विचारलं, हे तयार आहेत का? मावशी इतक्या मोठ्यानं "हो" म्हणाल्या की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी पारखणीचे विधी. तीन वाचनं ठरलेली, तिन्ही योहानाच्या शुभवर्तमानातली: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, आणि येशूनं मरणातून उठवलेला त्याचा मित्र लाझरस. आम्ही सगळ्या मंडळीपुढे गुडघे टेकायचे आणि सगळ्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करायची. लाझरसच्या रविवारी, "येशू रडला" हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा मी वडिलांना मनातून निरोप दिला. तोवर दिला नव्हता.

पवित्र शनिवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीचा विधी अंधार पडल्याशिवाय सुरू करत नाहीत. चर्चचे सगळे दिवे बंद. बाहेर अंगणात होळीसारखा अग्नी पेटवलेला. फादरांनी पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, सालाचे आकडे कोरले, धूपाचे पाच खडे खोवले आणि ती त्या अग्नीवर पेटवली. तिच्यामागून आम्ही अंधारात आत गेलो, आणि एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत पेटत सगळं चर्च उजळलं. मग वाचनं, उत्पत्तीपासून सुरू होणारी. तांबड्या समुद्राचं वाचन कधीही गाळत नाहीत. इस्राएल पाण्यातून पलीकडे जातं ते ऐकताना मला माझं पाणी समोरच दिसत होतं, पितळी घंगाळात भरून ठेवलेलं.

संतांच्या नामावळीत गोन्सालो गार्सिया यांचं नाव आलं. वसईतच जन्मलेला हा माणूस १५९७ साली नागासाकीत क्रूसावर मारला गेला. रोमपासून वसईपर्यंतची सगळी मंडळी माझ्यासाठी हाक मारते आहे, असं वाटलं. मग प्रश्न: सैतानाला नाकारतेस का? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतेस का? मी घंगाळावर मान वाकवली. मावशींचा हात उजव्या खांद्यावर. लाल लुगड्याचा पदर त्यांनी खोचून घेतला होता. पाणी तीनदा. गार, कानात शिरलेलं, पांढऱ्या साडीच्या गळ्यापर्यंत ओघळलेलं. मग पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती मावशींनी हातात दिली. प्रौढाला त्याच वेळी दृढीकरणही देतात, त्यामुळे लगेच कपाळावर क्रिझ्माचं तेल. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम घातलेलं असतं, तो वास दुसऱ्या दिवशीही केसांत होता.

आधी पापनिवेदन करायचं नसतं, बाप्तिस्म्यानं मागचं सगळंच धुतलं जातं. म्हणून थेट ख्रिस्तप्रसाद. त्या रात्री रांगेत सगळ्यांत पुढे आम्ही होतो. "ख्रिस्ताचं शरीर." मी "आमेन" म्हणाले. नवरा आणि मुलगी मागच्या बाकावर होते. मुलीनं नंतर विचारलं, "आई, गोड होतं का?" मी सांगितलं, "नाही गं, साधंच असतं, पोळीसारखं." ती जरा हिरमुसली.

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पेन्टेकॉस्टपर्यंत, आमचा वर्ग चालूच राहिला. आता शिकायचं होतं ते घडून गेलेल्याबद्दल. धर्मग्रामाच्या नोंदवहीत माझं नाव, मावशींचं नाव, तारीख, फादरांची सही. पुढे कुठलाही दाखला लागला तर तो त्याच वहीतून निघेल.

गणपतीला मी गावी जाते. आरतीला उभी राहते, आईच्या हाताखाली स्वयंपाक करते. प्रसाद आणि पूजा यांबद्दल माझी मर्यादा मी तिला सांगितली आहे आणि तिनं ती मोडायला लावलेली नाही. आषाढीला ती वारीहून आली की मी तिचे पाय चेपते. मामा अजून बोलत नाही.

मला हल्ली कुणी कुणी दबक्या आवाजात विचारतं, सुरुवात कुठून करायची? तुमच्या जवळच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला जाऊन बसा. संपल्यावर फादर दाराशी उभे असतात, त्यांना विचारा. घरी जोडीदार असेल तर दुसऱ्या भेटीला त्यालाही घेऊन जा.