अर्धे षट्कोन

सोलापुरात गोधडी शिवायला घेतली की पहिला प्रश्न उन्हाचा येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर जाणाऱ्या गावात हे एवढं जाड पांघरूण कुणासाठी? दुसरा प्रश्न त्याहून खोचक. चादरींच्या गावात राहून पांघरूण घरी शिवायची वेळ का आली? दोन्हींवर माझ्याकडे धड उत्तर नाही. मला ते षट्कोन आवडले, बस्स.

आवडले एका जुन्या विलायती गोधडीच्या फोटोत. मधे एक षट्कोन, त्याच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, असं एकोणीस तुकड्यांचं एक फूल. १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेत ही नक्षी फार चालली. तिला नाव पडलं ‘आजीची फुलबाग’. पण षट्कोन जोडायची रीत त्याहून खूप जुनी. कागदाचा षट्कोन कापायचा, त्यावर कापडाच्या कडा दुमडून कच्चा टाका घालायचा आणि असे दोन तुकडे काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडायचे. कागद म्हणजे घरातली रद्दी, जुनी पत्रं, बिलं, पोरांच्या वह्या. गोधडी अर्धवट राहिली की कागद आतच राहत. आज अभ्यासक ते वाचतात. एखाद्यावर तारीख निघाली तर शिवण त्याआधीची नाही, एवढं पक्कं होतं. ब्रिटनमध्ये जपलेली १७१८ सालची रेशमी गोधडीही अशीच कागदावर शिवलेली आहे. नक्षी वेगळी, पण रीत हीच.

मला मात्र ही फुलबाग मशीनवर हवी होती. यावर ‘हाताचं ते हाताचं’ असं म्हणणारे भेटतातच. पुण्या-मुंबईत म्हणा बापडे! इथे १८७७ साली ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे हे गाव भोंग्यावर उठायला लागलं. पूर्व भागात अजून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. चादरीवरची फुलं मागावरच्या जॅकार्ड यंत्राच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांवरून उतरतात आणि आपण त्यांना खोटी म्हणत नाही. मशीनवर डोकं कमी लागतं हा गैरसमज आहे. वेगळ्या जागी लागतं, एवढंच.

मशीनला सरळ रेघ हवी. षट्कोनात ती मिळत नाही. तीन तुकडे एका कोपऱ्यात भेटतात, प्रत्येकाचा कोन १२० अंशांचा. तिथे शिलाई कडेपासून पाव इंच अलीकडे थांबवायची, सुई कापडात ठेवून मशीनचा पाय उचलायचा, कापड वळवायचं आणि पुढे जायचं. एक टाका पुढे गेला की कोपऱ्यात चुणी पडलीच. आणि हे प्रत्येक कोपऱ्यावर.

यावरचा तोडगा ज्या कुणाला सुचला त्याला दंडवत. षट्कोन मधोमध, एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, कापूनच टाकायचा. मग उरतो अर्धा षट्कोन. त्याची लांब बाजू आखूड बाजूच्या बरोबर दुप्पट. हे अर्धे एक उलटा, एक सुलटा असे तिरक्या कडांनी जोडत गेलं की सरळ पट्टी तयार होते. पट्टीला पट्टी जोडली की वरचा अर्धा आणि खालचा अर्धा भेटून षट्कोन पुरा होतो. कोपऱ्यात वळणं नाही, थांबणं नाही.

शेजारच्या अक्कांनी (त्यांच्या घरी पूर्वी माग होते) फर्म्यासाठी जॅकार्डचं एक जुनं कार्ड दिलं. देताना ऐकवलंच, “आख्खं कापड कापलालीस, परत जोडलालीस, त्यातबी अर्धं करून?”

डोकं लागतं ते मांडणीला. एकाच रंगाचे दोन अर्धे दोन वेगळ्या पट्ट्यांत जातात, त्यामुळे मशीनला हात लावण्याआधी सगळी बाग जमिनीवर मांडावी लागते. तोवर घरात पंखा बंद. सोलापुरात, उन्हाळ्यात! शिवाय तिरकी कड ओढली की ताणते. तिला खळ दिली की ती ताठ राहते. मागाच्या ताण्याला खळ देतात ते पिढ्यान्‌पिढ्या बघितलेल्या अक्कांना मात्र हे सांगावं लागलं नाही.

कापड गणवेशांच्या कारखान्यातल्या कातरणाचं. जुन्या गोधडीत बारीक फुलांची छापील सुती कापडं होती. माझ्या बागेत आकाशी, मरून, नेव्ही ब्लू आणि चौकडी. टेरीकॉट बाजूला काढलं, कारण इस्त्रीची घडी त्यावर पटकन बसत नाही. सुती तेवढं घेतलं. फुलाच्या मधोमध खाकी आली, ती मला फुलापेक्षा जास्त आवडते.

मशीनच्या या रीतीत प्रत्येक षट्कोनाच्या पोटातून एक शिवण जाते. नीट बघणाऱ्याला ती दिसते. लपवायला मोठ्या फुलांचं कापड वापरा असा सल्ला मिळाला होता. मी साधंच ठेवलं. आत कागद नाहीत, तेव्हा कशी शिवली हे सांगायला निदान ती शिवण तरी असू दे.

आत भरायला एक विरलेली सोलापुरी चादर आहे, पाठीला सासूबाईंचं इरकली लुगडं. तिन्ही थर मशीनखाली सरकत नाहीत. तिथे धावदोराच. त्या बसल्या आहेत सुई घेऊन आणि मला जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्या मते माझा टाका लांब पडतो. वरच्या-खालच्या कडा अर्ध्या षट्कोनांमुळे आपोआप सरळ आल्यात. बाजूच्या तेवढ्या कापून घ्यायच्या. काठाला काय लावायचं यावर घरात एकमत नाही. मला मरून हवाय, त्यांना लुगड्याचाच काठ.