भूतानचे निवडणूक नकाशे: तोबगेंचा निळा ठिपका

मंडळी, भूतानचा संच आता मार्गी लागला आहे. 2008, 2013, 2018 आणि 2024 या चारही निवडणुकांच्या अंतिम निकालाचे नकाशे रंगवून झाले. राष्ट्रीय सभेचे मतदारसंघ फक्त 47, त्यामुळे आपल्या 288 पुढे काम थोडकं वाटतं. पण सीमा सगळ्या डोंगरकडांवरून आणि नदीखोऱ्यांतून जातात, तिथे घाई चालत नाही.

रंग निवडताना पिवळा पहिल्यापासून बाजूला ठेवला. 2007 साली लोकांना मतदानाची सवय व्हावी म्हणून तिथे अक्षरशः रंगीत तालीम झाली होती: चार काल्पनिक पक्ष आणि प्रत्येकाला एक रंग. पिवळ्याने 47 पैकी 46 जागा नेल्या, कारण पिवळा हा राजाचा रंग. तो कुठल्याही एका पक्षाला देणं मला पटेना. म्हणून डीपीटीला (ड्रुक फुएनसुम त्शोगपा) जांभळा, पीडीपीला (पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी) निळा, डीएनटीला (ड्रुक न्यामरूप त्शोगपा) हिरवा.

या संचातलं माझं सगळ्यात लाडकं पान 2008 चं. आख्खा देश जांभळा आणि दोनच जागी निळा: उत्तरेला गासा जिल्ह्यात एक मतदारसंघ, तिथून दामचो दोरजी आले, आणि पश्चिमेला 'हा' नावाच्या जिल्ह्यातला सोंबेखा, तिथून शेरिंग तोबगे, जे पुढे पंतप्रधान झाले. डीपीटी 45, पीडीपी 2. नुसता नकाशा बघणाऱ्याला वाटेल, पीडीपीला कोणी विचारलंच नाही. प्रत्यक्षात पक्षाला 33 टक्के मतं होती. म्हणून आता मी प्रत्येक नकाशाखाली मतांच्या टक्केवारीची आडवी पट्टी लावतो. दोन रंगांच्या लढतीत ही पट्टी नसेल तर नकाशा चक्क फसवतो.

तोबगेंचा जन्म 1965 चा. शाळा कालिंपाँगला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग पिट्सबर्गला, पुढे 2004 मध्ये हार्वर्डमधून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी. मधली वर्षं सरकारी नोकरीत, तांत्रिक प्रशिक्षणाच्या खात्यात. 2007 मध्ये नोकरी सोडून ते पीडीपीच्या बांधणीत उतरले. पक्षाचे अध्यक्ष सांगे न्गेदुप म्हणजे राजांचे मामा आणि आधी पंतप्रधानपद भूषवलेले. तेच स्वतःच्या जागेवर पडले. निकालानंतर पीडीपीच्या दोन्ही विजयी उमेदवारांच्या राजीनाम्याची भाषा झाली, पण ती मागे घेतली गेली. फार बरं झालं. भूतानच्या राज्यघटनेत विरोधी पक्षासाठी स्वतंत्र कलम आहे, अठरावं; सरकार घटनेप्रमाणे चालतंय की नाही हे पाहणं हे त्या पक्षाचं कामच ठरवून दिलंय. ते दोघे घरी बसले असते तर हे कलम पहिल्याच सभागृहात कोरडं राहिलं असतं.

आणि त्या दोघांनी ते राबवून दाखवलं. 2010 मध्ये पंतप्रधान जिग्मी थिनले यांच्या डीपीटी सरकारने वाहनांवरचा कर वाढवला, पण संसदेत कायदा न करता. घटनेचं चौदावं कलम सांगतं की कायद्याशिवाय कर लावता येत नाही आणि बदलताही येत नाही. विरोधी पक्ष हायकोर्टात गेला आणि जिंकला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तेव्हा ते कोर्ट स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. 24 फेब्रुवारी 2011 ला तिथेही निकाल विरोधकांच्या बाजूने लागला. देशातला हा पहिला घटनात्मक खटला. सभागृहात 45 विरुद्ध 2 असताना मतदानाने काहीच अडवता येत नाही. तोबगेंनी घटना हातात घेऊन ते अडवलं. त्यांच्या पुढच्या पंतप्रधानपदापेक्षा मला हे काम मोठं वाटतं. नकाशावर यातलं काही उमटत नाही, म्हणून 2008 च्या पानामागे या खटल्याचं टिपण जोडलं आहे.

2013 च्या पानावर निळा पसरतो. मे महिन्यातल्या पहिल्या फेरीत पीडीपी 32.5 टक्क्यांवर, डीपीटी 44.5 वर. पण अंतिम फेरीत पहिले दोनच पक्ष उरतात, आणि 13 जुलैला पीडीपी 55 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन 32 जागांवर गेला. मतदानाच्या तोंडावर भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरचं आणि रॉकेलवरचं अनुदान थांबवलं होतं, दर भडकले होते. त्याचा फटका सत्ताधाऱ्यांना बसला असणार. पण बाद झालेल्या दोन पक्षांची मतं बरीचशी एकाच बाजूला गेल्याशिवाय हा आकडा जुळत नाही. तोबगे पंतप्रधान झाले.

2018 चं पान रंगवताना निळी पेन्सिल उचलावीच लागली नाही. पहिल्या फेरीत पीडीपी 27 टक्के मतं घेऊन तिसरा आला आणि स्पर्धेतूनच गेला. पाच वर्षं देश चालवलेल्या माणसाचा सोंबेखासुद्धा दुसऱ्याच रंगात! तोबगेंनी निकाल लगेच मान्य केला. जानेवारी 2024 मध्ये पीडीपी 30 जागांनिशी परत आला, तोबगे पुन्हा पंतप्रधान झाले. समोर भूतान टेंड्रेल पार्टीचे 17 सदस्य आणि विरोधी पक्षनेते पेमा छेवांग. 2008 च्या दोन ठिपक्यांशेजारी हे पान ठेवून बघा, विरोधी बाकांची किती जागा भरलीय ते लगेच कळतं.

पुढचं काम पहिल्या फेऱ्यांचे नकाशे. सुरुवात 2018 पासून, कारण तिथला निळा अंतिम नकाशात कुठेच दिसत नाही. अडचण अशी की चार-पाच पक्षांच्या लढतीत नुसता आघाडीचा रंग भरला तर तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष परत गायब होतो. प्रत्येक पक्षाचा स्वतंत्र छोटा नकाशा करून मतांप्रमाणे फिकट-गडद छटा द्याव्यात, असं सध्या मनात आहे. नेपाळ किंवा श्रीलंकेचे नकाशे केलेल्यांनी छटांचे टप्पे कसे पाडले ते जरूर सांगा, म्हणजे 'हा' जिल्ह्यापासून सुरुवात करतो.