तुम्ही विचारलंत म्हणून: फार अभ्यास केला म्हणून डोकं बिघडलं का?

स्किझोफ्रेनिया (भास होणं, विनाकारण संशय येणं असा मानसिक आजार) झालेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न बहुतेक वेळा दवाखान्यातून जायला उठतानाच विचारतात. ‘लहानपणी इतका हुशार होता हो. आम्हीच अभ्यासाच्या मागे लागलो, त्यानं झालं का? आणि धाकटीही हुशार आहे, तिचं काय?’

अभ्यासाने स्किझोफ्रेनिया होत नाही. हुशारीनेही नाही. जनुकांच्या मोठ्या अभ्यासांत तर उलटंच दिसतं: या आजाराचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय बदलांचा कल सरासरीने बुद्धिमत्ता चाचणीतले गुण किंचित कमी करण्याकडे असतो. हा सहसंबंध उणे ०.२ च्या आसपास (शून्य म्हणजे संबंधच नाही, उणे एक म्हणजे पूर्ण उलटा संबंध), म्हणजे क्षीणच. त्यावरून एकाही मुलाचं भविष्य सांगता येत नाही. बायपोलरचं, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी नैराश्य येणाऱ्या आजाराचं, चित्र वेगळं. स्वीडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात शाळेत अव्वल असलेल्यांना हा आजार होण्याचं प्रमाण सरासरी मुलांच्या जवळपास चौपट निघालं, पण अगदी कमी गुणवाल्यांतही ते वाढलेलंच होतं. आणि अव्वल मुलांपैकी बहुतेकांना तो झालाच नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वयाचं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांची वेळोवेळी तपासणी होत आली आहे. पुढे ज्यांना स्किझोफ्रेनिया झाला, ती मुलं भाषेच्या चाचण्यांत सातव्या वर्षीच थोडी मागे होती. वेग आणि स्मरणाच्या चाचण्यांत त्यांची प्रगती होत होती, पण सोबत्यांपेक्षा सावकाश. हे अंतर घरात कुणाला दिसण्याइतकं नसतंच. तेव्हा ‘आमच्या लक्षात कसं आलं नाही’ हा दोषही स्वतःला लावून घेऊ नका.

धाकटीबद्दल: सख्ख्या भावंडाला धोका शंभरात नऊ-दहा, एरवी शंभरात एक. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. तिचा अभ्यास थांबवू नका. झोप उडाली, ती एकलकोंडी झाली, विनाकारण संशय घेऊ लागली, तर मात्र लगेच दाखवा. गांजापासून दूर राहायला तिला स्पष्ट सांगा.

आणि थोरला. आम्ही त्याला एक कागद देतो. वर नऊ आकडे, प्रत्येकाखाली एक खूण. खालच्या रिकाम्या चौकटींत दोन मिनिटांत जमतील तितक्या खुणा भरायच्या. तो चुकत नाही, पण प्रत्येक चौकटीला मान वर करून पुन्हा तक्ता बघतो. हा संथपणा आजाराचाच भाग आहे, आळस नव्हे. औषधांनी भास थांबले तरी तो बऱ्याचदा राहतो. परीक्षेत त्याला जादा वेळ मिळावा म्हणून अर्ज करा, पत्र मी देते.